मनगटातलं काजूएवढं हाड

जमुनाबाईचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. महागावकडच्या तांड्यातून रोज पुसदला येणारी, आमच्या टेलरिंगच्या दुकानात ब्लाउज शिवणारी जमुनाबाई. तिनं मला दवाखान्यात नेलं, माझ्यासाठी रांगेत उभी राहिली, डबा आणला, माझ्या शर्टाची बटणं लावली. आणि त्या साऱ्या महिन्यांत मी तिच्यावर जळत होतो. हेही आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर पुढे हिंमत व्हायची नाही.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या सी.टी. स्कॅनची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाल्या, "स्कॅफॉइड नॉन-युनियन." मग माझं तोंड पाहून सोप्या भाषेत सांगितलं, "मनगटातलं एक बारकं हाड मोडलं होतं. पाच महिने झाले, ते जुळलेलंच नाही."

"हात जाईल का मॅडम?"

"हात कशाला जाईल? पण असंच ठेवलं तर मनगट आतून झिजत जाईल. दुखणं वाढेल. पकड कमी होत जाईल."

माझ्या कानात शेवटचे शब्द तेवढे राहिले. मी कटिंग मास्टर आहे. पकड गेली तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?

मी झरी जामणी तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली आणि पंधराव्या वर्षी पुसदला आलो, एका टोकाकडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बायको मंदा आणि मुलगी गावीच असतात. पोळ्याला आणि दिवाळीला जातो, एरवी फोन. दुकानात चार मशिनी, एक लांब टेबल आणि एक मोठी कात्री. टेबल आणि कात्री मास्टरची. कारागीर शिवतो, मास्टर कापतो. कारागिरानं मास्टरच्या कात्रीला हात लावायचा नाही, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. लावलाच, तर तो मास्टर व्हायला निघाला असं समजायचं. मास्टरही कारागिराला शर्ट शिकवतो, पँट शिकवतो, पण कोटाची बाही शिकवत नाही. माझ्या उस्तादांनीही मला शिकवली नव्हती. मी त्यांच्या पाठीमागून पाहून शिकलो.

पडलो ते लग्नसराईच्या तोंडावर. माळ्यावरून अस्तराचा गठ्ठा घेऊन उतरताना शिडीची शेवटची पायरी चुकली. उंची हातभरसुद्धा नव्हती. उजवा तळवा फरशीवर टेकला आणि अंगाचं सगळं वजन त्याच्यावर आलं. सूज थोडीच आली. बोटं हलत होती, म्हणून मी म्हटलं, लचक भरली. तरी शेठनं जवळच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पुसदचे ते डॉक्टर म्हातारे होते. एक्स-रे पाहून म्हणाले, "साफ दिसतो." मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा. अंगठा ताठ करा, वर उचला."

असं केलं की अंगठ्याच्या बुडाशी दोन नसांच्या मध्ये खड्डा पडतो. तुम्हीही करून पाहा. या खड्ड्याला स्नफ बॉक्स म्हणतात, म्हणजे तपकिरीची डबी. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर तिथं ठेवून नाकात ओढायचे म्हणे. डॉक्टरांनी तिथं बोट दाबलं आणि मी ओरडलो.

"आता कळलं? एक्स-रे काहीही बोलो, हा खड्डा दुखतो तोवर हाड मोडलं असंच मी धरतो," ते म्हणाले. "मनगटात आठ बारकी हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळी. त्यातलं हे स्कॅफॉइड. काजूएवढं, आकारानं नावेसारखं. दोन्ही ओळींना हेच धरून ठेवतं. त्याची बारीक चीर पहिल्या दिवशी फोटोत येत नाही. दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढू. तोवर हलवायचं नाही."

अंगठ्यासकट हाताला स्लॅब घातला. स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर. खालून पन्हळीसारखं कडक, वरून पट्टी गुंडाळलेली. मी मान हलवली आणि घरी आलो. डॉक्टरांचं सांगणं किती सरळ होतं! तेवढं ऐकलं असतं तर हे लिहायची पाळी आली नसती.

पाचव्या दिवसापर्यंत दुकानात कापडाचे ढीग लागले. शेठ माझ्याकडे पाहीना. तो म्हणाला, "जमुनाबाई, ब्लाउज तं तू कापून पाय."

ती माझ्याकडे वळली. "मास्टर, घेऊ का कात्री?"

नाही कसं म्हणणार? तिनं पदर खोचला, खडूनं रेघा मारल्या आणि कापायला लागली. मी स्टुलावर बसून चूक शोधत होतो. चूक सापडेना. तिचं मनगट इतकं सैल फिरत होतं की कात्री कापडावरून घसरत चालल्यासारखी वाटायची. संध्याकाळी एक गिऱ्हाईक बाई ब्लाउज घालून आरशासमोर फिरली, खांद्याशी बाही जोडतात तो घेर चाचपला आणि म्हणाली, "आत्ता बसला पहा मुंढा! इतक्या साली काहून नाई बसला?"

सगळे हसले. मीही हसलो. रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला मागच्या खोलीत गेले. मी डाव्या हातात कात्री घेतली आणि प्लास्टरची पट्टी कापली. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात नीट चालत नाही, पाती एकमेकांपासून फाकतात. कशीबशी कुरतडत कापली. हात मोकळा झाला. मी सांगितलं, डॉक्टरनंच काढलं. आणि टेबलाशी उभा राहिलो.

दहाव्या दिवशी फोटो काढायला गेलो नाही.

लग्नसराईभर कापत होतो. कुलूप फिरवताना कळ यायची, भरलेला मग उचलताना यायची, जमिनीवर तळवा टेकून उठता यायचं नाही. गोळ्या खाल्ल्या. कोणीतरी सांगितलं म्हणून एका पायाळू माणसाचा पायही मनगटाला लावून घेतला. आमच्याकडे लचक भरली की जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाकडून असं तुडवून घेतात. पाठीला त्यानं बरं वाटत असेल, मला माहीत नाही. माझ्या मोडलेल्या हाडावर तो बिचारा पायाचा अंगठा दाबत होता आणि मी दात आवळून "बरं वाटून राह्यलं" म्हणत होतो.

पोळ्याच्या आधी सफारीचं जाड कापड कापताना मध्येच पकड सुटली. काप तिरका गेला, पँटचा एक पाय वाया. शेठ बाहेर गेला होता. जमुनाबाईनं कापड आपल्या मशिनीवर नेलं आणि आतल्या बाजूला जोड देऊन वाचवलं. मग येऊन म्हणाली, "मास्टर, उद्या यवतमाळले चाला."

"काही नाई झालं मले."

"नाई आले तं मी एकटी जाईन. डॉक्टरले सांगीन का पेशंट दुकानात बसून राह्यला, तुमीच चाला."

यष्टीत ती पुढच्या सीटवर बसली, मी मागच्या. तिकडे सी.टी. झाला. मॅडमनी विचारलं, "प्लास्टर किती दिवस होतं?"

"दहा-बारा," मी म्हटलं.

"पाच, मॅडम," जमुनाबाई म्हणाली. "सहाव्या दिवशी याईनंच कापलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ती मॅडमलाच सांगत होती, "केराच्या टोपलीत पट्टी भेटली मले. किनार अशी, जशी उंदरानं खाल्ली. डाव्या हातानं कात्री चालवली का असाच काप येते. दुकानात डावाच हात मोकळा असलेलं माणूस एकच होतं."

मॅडम हसल्या. "तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या."

"बाप्पा! तिथं कोण शिवन खाकी?"

इतके महिने तिला माहीत होतं आणि ती शेठला बोलली नव्हती. तरी त्या खोलीत मला राग आला तो तिचाच.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाताच्या कोपरापासून खाली दोन हाडं येतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. त्यांच्या टोकाला मनगटाची आठ, पुढे तळव्यात पाच, बोटांत चौदा. अंगठ्याला दोन, बाकी बोटांना तीन-तीन. एका हातात सत्तावीस. "आणि तुमच्या या स्कॅफॉइडला रक्त बोटांकडच्या टोकानं येतं, उलटं," त्या म्हणाल्या. "मधोमध मोडलं की कोपराकडच्या अर्ध्या तुकड्याचं रक्त तुटतं. म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. तुम्ही दिला नाही."

"आता?"

"ऑपरेशन. बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाचा जोड. शेजारच्या रेडियसमधून चिमूटभर हाड काढून भेगेत भरायचं आणि स्क्रूनं आवळायचं."

हे मला पटकन समजलं. जोड द्यायचा तर त्याच थानातला, त्याच कापडाचा द्यावा.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत तीन-चार चकरा झाल्या. बाकड्यावर बसून मी लोकांचे हात पाहायचो. दुसरं काही दिसायचंच नाही. एक म्हातारा तळव्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता, अंगठा कसा गरगर फिरायचा. एक बाई लेकराच्या स्वेटरची बटणं लावत होती. एक जण शेंगा फोडून खात होता, टरफलं खाली टाकत होता आणि बोलतही होता. हाताकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मला वाटायचं, याच्या दोन हातांतला एक मला काहून नाही दिला? याला शेंगाच तं फोडायच्या. असे विचार मनात येत होते, खोटं कशाला सांगू. स्वतःच्या डाव्या हाताचाही राग यायचा. बिनकामाचा, पण शाबूत.

याच चकरांत एकदा मॅडमनी दाखवलं की बोटांना ओढणारे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली, हाताच्या मांसल भागात असतात. तिथून टेंडन, म्हणजे दोऱ्यासारखे चिवट तंतू, मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटात त्यांच्यावर एक पट्टा असतो आणि त्याखालच्या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी सरकते तसं ते आहे. डाव्या हातानं उजव्याचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं हलवा, आत सरकताना कळेल. वीस वर्षं कापून मला हे माहीत नव्हतं. मी समजत होतो, सारी करामत बोटांची.

ऑपरेशनच्या दिवशी मंदा गावाहून आली. त्याआधी फोनवर तिचं वेगळंच चालायचं.

"जेवले का?"

"जेवलो. जमुनाबाईनं डबा आणला."

"डाव्या हातानं जेवले का कोणी चारलं?"

"चमच्यानं जेवलो."

"चमचा कोणाच्या हातात होता?"

असं बोलणारी मंदा दवाखान्यात जमुनाबाईला भेटली. दोघींनी एका पोळीचे दोन तुकडे करून खाल्ले आणि तासाभरात माझ्याच तक्रारी एकमेकींना सांगायला लागल्या. आता मंदा आधी जमुनाबाईला फोन करते, मग मला. तेही मला सहन होत नाही.

बगलेजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. मी जागा होतो. मध्ये हिरवा पडदा. ड्रिलचा आवाज येत होता, पण हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. पडद्यावरच्या मोठ्या दिव्याच्या काचेत मॅडमचे हात थोडेसे दिसायचे. बारीक कात्री, बारीक चिमटा, एकही हालचाल वाया नाही. भीती वाटायला पाहिजे होती. मला हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात असताना जमुनाबाईचा फोन आला. शेठनं एका नवरदेवाच्या कोटाची ऑर्डर घेतली होती. मास्टर नाही म्हणून परत करायला निघाला, तर ती म्हणाली, मी कापते. "मास्टर, बाकी सारं जुन्या कोटावरून काढलं. बाहीच्या माथ्याची उंची तेवढी सांगा. किती धरू?"

बाहीचा माथा म्हणजे खांद्याला जोडतात ती वरची गोलाई. तिनं सांगितलेल्या नवरदेवाच्या मापाला सहा इंच पाहिजे होते. मी म्हटलं, "पाच."

वॉर्डात समोरच्या खाटेवर एक आजोबा संत्रं सोलत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो, एवढं आठवतं. मला औषधाची गुंगी नव्हती. डोकं साफ होतं. एक इंच कमी धरला की बाही खांद्यावर नीट चढत नाही, काखेखाली चुण्या पडतात, आणि नवरदेव मांडवात सगळ्यांसमोर तसाच उभा राहतो. मला तेच पाहिजे होतं. लोकांनी म्हणावं, मास्टर असता तर!

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. पुसदहून यवतमाळ, दोन गाड्या बदलून. डब्यात भाकर, ठेचा आणि माझ्यासाठी वेगळी फिकी भाजी. डबा ठेवून पिशवीतून मांजरपाटाची कच्ची बाही काढली. तिनं कोटाच्या कापडाला कात्री लावलीच नव्हती. आधी हलक्या कापडावर कापून टाके घालून पाहिले होते. काखेत चुण्याच चुण्या.

मी खाली मान घातली.

"दवाईच्या गुंगीत बोलले असान तुमी," ती म्हणाली. "सहा धरू ना?"

"सहा," मी म्हटलं.

"पुढचा भाग मागच्यापरीस थोडा खोल?"

"पाव इंच."

तिनं बाही घडी करून पिशवीत टाकली. "जेवून घ्या. भाजी गार झाली का तुमी खात नाई."

तिला कळलं होतं का? पट्टीची किनार पाहून डावा हात ओळखणाऱ्या बाईला हे कळणार नाही? पण तिनं त्यानंतर एक शब्द काढला नाही. कोट बसला. नवरदेवाच्या मामानं दोन कोट आणखी शिवायला टाकले.

हाताला आठ आठवडे प्लास्टर होतं. ह्या वेळी मी ते जपलं. बोटं हलवत राहायची, मनगट नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. नंतर फिजिओथेरपी, म्हणजे व्यायाम. कोमट पाण्यात हात बुडवून चिंधी पिळायची. पहिल्या दिवशी चिंधीतून थेंब पडेना. जमुनाबाई म्हणाली, "चिंधीले नाई, जसं शेठचं नाक पिळून राह्यलो असं समजा." त्या दिवशी चार थेंब पडले.

आता मनगट पूर्वीच्या मानानं बारा आणे वाकतं. थंडीत खड्ड्यात ठणका लागतो. शर्ट, पँट कापतो. जाड कापड दोन तासांवर होत नाही. दुकानात आता दोन टेबलं आणि दोन कात्र्या आहेत.

ज्याला कोणाला असं होईल त्याच्यासाठी लिहितो. तळव्यावर पडलात आणि अंगठ्याखालचा खड्डा दुखत असेल, तर बोटं हलतात म्हणून खूश होऊ नका. एक्स-रे साफ आला तरी डॉक्टर बांधून ठेवा म्हणाले तर ठेवा. दहाव्या दिवशीचा फोटो चुकवू नका. पायाळू माणूस कितीही भला असो, मनगट त्याच्या पायाखाली देऊ नका. तुमच्या जागी दुसरं कोणी काम करत असेल आणि ते चांगलं करत असेल, तर पोटात दुखणारच. दुखू द्या. त्यासाठी प्लास्टर कापू नका.

माझं अजून दुखतं. परवा एक जण कोटाचं कापड घेऊन आला आणि माझ्यासमोरून सरळ तिच्या टेबलाशी गेला. मी खडूचं टोक मोडलं. जळणं बरं झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. ते सत्तावीस हाडांपैकी कशात राहतं ते मॅडमनाही सांगता यायचं नाही.

जमुनाबाई, तू दहावी झालेली, हे वाचशील. मी गुंगीत नव्हतो. पाच मी मुद्दाम सांगितले होते. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

तू जे केलं त्याची फेड करायला माझ्याजवळ एकच गोष्ट आहे. तू अजून जुन्या कोटावरून माप काढते. अंदाजानं, चाचपडत. ही लग्नसराई संपली की एका रविवारी दुकान बंद असताना मी कोरा कागद अंथरीन आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत पूर्ण कोट तुला शिकवीन. गळा, खांदा, मुंढा, बाही, काही मागे न ठेवता, जे माझ्या उस्तादांनी मला दिलं नाही तेसुद्धा. त्या दिवशी माझ्या पोटात आग पडेल. पडू दे. मी शिकवीन.